नव्वद दिवसांचा हिवाळा

बर्फवाला आला नाही, तेव्हा कुठे मुंबईत काहीतरी भयंकर चाललंय हे मला पटलं. आदल्या संध्याकाळी रेडिओवर सांगून झालं होतं की मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार. रात्रभर फणसवाडीच्या तोंडाशी आरडाओरडा होता, ठाकुरद्वाराच्या बाजूने गोळ्यांचे आवाज आले, आणि आमच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत उभी राहून कुणाचा मुलगा घरी आला नि कुणाचा नाही याची चौकशी करत होती. मीही उभा होतो. मीही हळहळलो, दोन शिव्या दिल्या. पण खोटं कशाला बोलू? रात्री मला झोप लागली. सकाळी सात वाजले, साडेसात झाले, आणि रामूची हातगाडी नि त्याची ती नाकातली हाळी आली नाही, तेव्हा मी उठून बर्फाच्या पेटीकडे धावलो. चाळीस वर्षांचा घोडा मी, बाहेर माणसं मरताहेत आणि मी पेटीचं झाकण उघडून बर्फ किती उरलाय ते बोटांनी चाचपतोय. नारळाएवढा उरला होता. त्या दिवशी बियांचा चोपन्नावा दिवस होता.

ही पेटी म्हणजे आमच्या अप्पांची हौस. कुणा गोऱ्याच्या लिलावातून आणलेली, सागवानी, आतून जस्ताचा पत्रा मारलेली, खाली पाणी गळायला नळी. अप्पा गेल्यावर ती नुसती जागा अडवून होती. नोव्हेंबरात मी ती पुन्हा सुरू केली आणि घरात सगळ्यांना वाटलं मला अप्पांची श्रीमंती आठवली. बर्फाला टेकवून आत एक औषधाचा पत्र्याचा डबा होता, डब्यात ओली वाळू, वाळूत एकवीस बिया. जपानी मेपल नावाचं झाड असतं, त्याच्या. बी म्हणजे हरभऱ्याहून लहान दाणा आणि त्याला चिकटलेला एक पातळ पंख. वरून सोडली तर भिंगरीसारखी फिरत खाली येते. बियांबरोबर आलेल्या पत्रात लिहिलं होतं, एक रात्र कोमट पाण्यात भिजवा, मग ओल्या वाळूत घालून नव्वद दिवस थंडीत ठेवा. हिवाळा भोगल्याशिवाय हे बी उगवत नाही. मध्येच ऊब लागली तर कुजतं. मुंबईत हिवाळा कुठून आणायचा? रोज सकाळी रामूकडून विकत घ्यायचा. डिसेंबरातल्या सूर्यग्रहणाला आमच्या सुंदराआत्याने घरातलं सगळं पाणी ओतून टाकलं, तेव्हा हा डबाही ती रिकामा करणार होती. औषध आहे, म्हणून मी ठोकून दिलं. ती म्हणाली, मग दर्भ तरी ठेव वर. ठेवला. आत्या बालविधवा, माझी आई गेल्यावर तिने मला वाढवलं, आणि सोवळ्याच्या बाबतीत तिच्यापुढे अप्पांचंही काही चालत नसे. ती वाईट बाई नव्हती. हे मी सारखं स्वतःला सांगत आलोय.

एकवीस बियांसाठी एवढा जीव टाकायचं कारण घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं. शैलाला, माझ्या बायकोला, अर्धं माहीत होतं. लढाई संपल्यावर हिंदी पलटणी जपानात गेल्या त्यात मी होतो, ओकायामाच्या बाजूला, सप्लाय डेपोत कारकून. त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी कोळसा संपला आणि मेसच्या चुलीसाठी आजूबाजूची झाडं तोडायची ठरली. कुठलं तोडायचं त्याची चिठ्ठी मी लिहायची. रस्त्याला लागून एका म्हाताऱ्याचं घर होतं, अंगणात हे झाड. पानं उरली होती ती लालभडक, पाच बोटांची, तान्ह्या मुलाच्या हाताएवढी. घरामागे एक मोठा पाइनही होता. पण तिथवर ट्रक जात नव्हता, चिखल होता, मला जेवायची घाई होती. मी अंगणातलं झाड लिहिलं. कुऱ्हाड रामदासच्या हातात होती, आमच्याच डेपोतला शिपाई. त्याने झाडाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, साहेब, हेच का? मागे दुसरं आहे. आणि मी म्हणालो, कागदावर हेच लिहिलंय. माझाच कागद, माझंच अक्षर, शाई वाळायची होती. म्हातारा हात बाह्यांत घालून उभा होता. झाड पडल्यावर तो खाली बसला आणि डहाळ्यांना राहिलेले पंख एकेक करून वेचायला लागला. रामदासने कुऱ्हाड ठेवली आणि तोही त्याच्या शेजारी बसून वेचायला लागला. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. त्या दिवशीचा भात शिजला नीट, एवढं आठवतं.

पुढे फोर्टात जहाजांच्या ऑफिसात लागलो. जपानशी पत्रव्यवहार रोजचाच. आठ वर्षं मनात ते कुरतडत राहिलं आणि गेल्या पावसाळ्यात मी न राहवून त्या गावच्या पत्त्यावर लिहिलं. माफी मागितली असं नाही, बी मिळेल का म्हणून विचारलं. नोव्हेंबरात उत्तर आलं, नातवाच्या हातचं, शाळकरी इंग्रजीत. म्हातारा जिवंत होता. त्याने वेचलेल्यातली दोन झाडं उभी राहिली होती, त्यांचंच हे पहिलं बी. खाली एक ओळ होती: आजोबा म्हणतात, हे बी तुम्हा दोघांना, तुम्हाला आणि कुऱ्हाड ठेवून बसला त्याला; एक झाड तुमच्याकडे उभं राहिलं तर त्यांना कळवावं. त्याच आठवड्यात बर्फाची कायमची सोय करायला म्हणून मी लालबागच्या कारखान्यात गेलो, आणि लाद्या ओढणारा माणूस वळला तो रामदास. आठ वर्षांनी. इराण्याकडे चहा घेतला. मी त्याला बियांचं सांगितलं. तो एवढा खूश झाला की बशी तशीच राहिली. म्हणाला, जपा बरं, एक झाड गेलंय आपल्या हातून. आपल्या म्हणाला. पत्र माझ्या कोटाच्या खिशातच होतं. मी ते काढलं नाही. काढलं असतं तर अर्ध्या बिया त्याच्या झाल्या असत्या, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या बघायला तो आमच्या घरी आला असता. ओकायामात आम्ही एका डब्यात जेवलो होतो. फणसवाडीत सुंदराआत्या होती, आणि रामदास डिलाईल रोडवरच्या चाळीतला महार होता. उगवलं की सांगू, म्हटलं. उगवलं की सगळंच सोपं होईल अशी माझी समजूत.

तर बर्फ नारळाएवढा होता आणि दहा वाजेपर्यंत लिंबाएवढा झाला. डब्याचा पत्रा हाताला गार लागेना. म्हणजे गारही नाही नि कोमटही नाही, नुसता पत्रा. ते मला सगळ्यात वाईट वाटलं. मी माठाभोवतीचं ओलं फडकं डब्याला गुंडाळलं, खिडकीत वाऱ्याला धरलं, पुन्हा आत ठेवलं. आत्या देवघरातून बघत होती. शैला म्हणाली, अहो, ऑफिस बंद आहे म्हणून बरं, नाहीतर हे कुणी केलं असतं? खाली उतरून वाडीच्या तोंडापर्यंत गेलो. रस्ता मोकळा पडलेला, दगड, एक चप्पल, आणि पलीकडे बंदूकवाले. त्यातल्या एकाने माझ्याकडे नुसती मान वळवली आणि मी मागे फिरलो. जिना चढताना डोक्यात काय? की कर्फ्यू चार दिवस चालला तर एकवीसच्या एकवीस जातील, आणि त्या म्हाताऱ्याचं झाड मी दुसऱ्यांदा मारलेलं असेल.

अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली. रामदास होता. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी, शर्ट पाठीला चिकटलेला, केसांत लाकडाचा भुसा. कारखान्याचं फाटक बंद, गाड्या निघाल्या नाहीत, म्हटलं तुमची पेटी सुकली असेल, एवढंच म्हणाला. डिलाईल रोडवरून सात रस्ता, तिथून खेतवाडीच्या गल्ल्यागल्ल्यांनी आला होता, दोनदा जिन्याखाली बसावं लागलं होतं. पत्ता मी दिलेला नव्हता. त्यांच्याच कारखान्यातून बर्फ उचलणाऱ्या रामूला विचारून ठेवला होता म्हणे कधीतरी. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. त्याच्या मागोमाग दुसरं वाटलं, ते बर्फापेक्षा गार होतं. आतून आत्याचा आवाज आला, कोण आलंय रे चिंतू?

"बर्फवाला आहे," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण आत्या बाहेरच आली. असल्या दिवसांत बर्फवाला कसा आला याचं तिला नवल, आणि नवल वाटलं की ती कुळ-गाव विचारल्याशिवाय राहत नाही. नाव काय म्हणाली. रामदासने तोंड उघडण्याआधी मी म्हणालो, परब, लालबागचा परब आहे. किती सहज आलं ते तोंडात. जसं काही आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं. रामदासने माझ्याकडे पाहिलं. अंगणातल्या झाडाकडून माझ्याकडे वळला होता तेव्हा पाहिलं होतं तसंच. मग त्याने लादी उचलून आत नेली, पेटीत नीट बसवली, डबा बर्फाला टेकवला, वर भुसा पसरला, आणि आत्याने दिलेलं भांडंभर पाणी वरून पिऊन तो गेला. दुपारी शैला माझ्यासमोर येऊन बसली. तिने त्याला ओळखलं होतं. जपानच्या गोष्टींत रामदास नेहमी असायचा. परब का म्हणालात, तिने विचारलं. मी म्हणालो, आत्याला कळलं तर ती पेटी उकळत्या पाण्याने धुऊन काढेल, बिया जातील, एवढे चार दिवस निभावू देत. ती म्हणाली, त्यांना काय वाटलं असेल? त्याला कळतं, मी म्हणालो. ती तांदूळ निवडायला लागली, आणि मला तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशीही तो आला. रात्रभर मी जागा होतो, येऊ नये असं वाटत होतं आणि यावा असंही. परळ-लालबागला गोळीबार झाल्याची बातमी होती, मेलेल्यांचा आकडा दर तासाला बदलत होता. तो मेला तर? हा विचार आला आणि त्याला लागूनच, मग बर्फ? असाही आला. माणसाच्या डोक्यात काय काय असतं ते बाहेर दिसत नाही हे बरं आहे. या खेपेस आत्याने त्याला आत बसवलं, चहा केला, कानाच्या कपातून दिला. परब म्हणजे मालवणाकडचे, आमचं आजोळ त्या बाजूचं. मग देऊळ कुठलं, जत्रेला जातोस का, आई आहे का. रामदास सांगत होता. आई आहे म्हणाला ते खरं असणार. बाकीचं तो एकेक शब्द तोलून, कप दोन्ही हातांत धरून बोलत होता, आणि प्रत्येक उत्तराआधी क्षणभर माझ्याकडे बघत होता, माझा कागद वाचल्यासारखा. आत्या मागाहून म्हणाली, माणूस फार सालस आहे हो, कर्फ्यूत जिवावर उदार होऊन येतो, नाहीतर आपली माणसं. मी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी छप्पन्नावा दिवस. सकाळी दोन तास कर्फ्यू उठवला होता, रस्त्यावर दुधासाठी धावपळ. रामदास आला, लादी पेटीत लावली आणि गोणपाट दाराबाहेर पिळून कठड्यावर टाकलं. डाव्या कोपराला फडकं बांधलेलं होतं, पडलो, म्हणाला. आत्या तीळगुळाची वाटी घेऊन आली. संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते, गावात कुणाला गोड सुचत नव्हतं, वाटी भरलेलीच होती. तिने चिमूटभर हलवा आणि एक वडी घेऊन हात पुढे केला. घे परबा, तीळगूळ घे, गोड बोल. रामदासने हात पुढे केला, तो मध्येच थांबला. मला कळलं. त्याच्या आधी मला कळलं, असं आज वाटतं. मी म्हणणार होतो की घे ना, घे लवकर, उशीर होतोय. ओठ हलले असतील.

"आत्याबाई, हे घ्यायचं तर खोट्या नावाने घेणार नाही," रामदास म्हणाला. "मी परब नाही. रामदास कांबळे. महार. हे मला लढाईपासून ओळखतात."

आत्याचा हात तसाच राहिला. ती ओरडली नाही. असं होय, एवढंच म्हणाली, वडी उंबऱ्यावर ठेवली आणि आत गेली. रामदासने ती उचलली नाही. माझ्याकडे तो पाहील म्हणून मी जमिनीकडे पाहत होतो, पण त्याने पाहिलंच नसावं, कारण त्याची पावलं एकसारखी जिना उतरत गेली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मोठं पातेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. पाणी उकळेपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. वीस मिनिटं म्हणजे थोडी नव्हेत. एवढ्या वेळात माणूस काय काय बोलू शकतो. आत्या, थांब. आत्या, हा माणूस तुझ्या चिंतूच्या डब्यात जेवलाय. आत्या, ही पेटी धुवायची तर मलाही धू. ही वाक्यं मी मनात इतकी घोटली की बोलून झाल्यासारखं वाटायला लागलं. शैला भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. आत्याने पातेलं फडक्याने धरून उचललं, चार पावलं पेटीकडे आली आणि म्हणाली, चिंतू, तुझं औषध काय असेल ते बाजूला कर. तेव्हा मी हललो. झाकण उघडलं, डबा काढला, बर्फाचा एक तुकडा फोडून ओल्या फडक्यात त्याच्याशी बांधला आणि छातीशी धरून बाजूला झालो. तिने पाणी ओतलं. बर्फ कडाडून फुटला, वाफ छतापर्यंत गेली, नळीतून ते सगळं बदाबदा मोरीत जायला लागलं.

दारात रामदास उभा होता. गोणपाट विसरलं होतं, ते न्यायला परत आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्याला वाफ दिसत होती, आत्याच्या हातातलं पातेलं दिसत होतं, आणि डबा कवटाळून उभा असलेला मी दिसत होतो.

"बिया वाचल्या ना?" त्याने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला धरून बसलो असतो, वर्षानुवर्षं तेवढ्यावर काढली असती. त्याला खरंच हवं होतं उत्तर. वाचल्या, मी म्हणालो. त्याने कठड्यावरचं गोणपाट उचलून खांद्यावर टाकलं आणि तो गेला. शैलाने उंबऱ्यावरची वडी उचलली, तोंडात टाकली आणि आत निघून गेली.

मला वाटलं, संपलं. त्या दिवशी डबा माठाच्या बुडाशी ठेवून मी रात्र काढली. सकाळी जिना उतरलो तर खालच्या पायरीवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. माणूस नाही. दुसऱ्या दिवशी तसाच. कर्फ्यू उठला, ट्राम सुरू झाल्या, रामूची गाडी यायला लागली, मी रामूला सांगितलंही की आता तूच दे. पण पायरीवरचा बर्फ थांबला नाही. मी साडेसहाला उतरलो, तो आधीच येऊन गेलेला. सहाला उतरलो, तरी आधीच. साडेपाचला उतरायचं मी रोज ठरवलं आणि एकदाही उतरलो नाही. आत्याला रामूचा म्हणून सांगितलं. खोटं बोलायची आता सवय झाली होती. बावीस फेब्रुवारीला नव्वदावा दिवस. त्या दिवशी बर्फ होता. तेवीसला पायरी कोरडी होती. दिवस मी एकटाच मोजत नव्हतो.

बिया मातीत घातल्या, गॅलरीत सावलीला ठेवल्या. मार्चच्या मध्यावर चार उगवल्या. एकविसात चार. लालसर देठ, त्यावर दोन चिंचोळी पानं. पंजाबिंजा काही नाही, कुणी गवत म्हणून उपटून टाकेल अशी. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिलो आणि मला रडू आलं. आत्या म्हणाली, रडतोस काय मेल्या, चांगलं उगवलंय की. रविवारी दोन रोपं एका दुधाच्या डब्यात लावली, ते पत्र खिशात घातलं आणि ट्रामने लालबागला उतरून डिलाईल रोडपर्यंत चालत गेलो. चाळीच्या जिन्यात विचारलं, रामदास कांबळे कुठे राहतात. ते पूर्ण नाव मोठ्याने उच्चारायची माझी ती पहिली वेळ. एका पोरीने तिसरा मजला दाखवला. दार उघडं होतं, एक म्हातारी उंबऱ्याआत बसून मसुरीतले खडे काढत होती, मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तिने मान वर केली आणि आत हाक दिली, रामदास, कोण आलंय बघ.

तो हात पुसत आला. डब्याकडे पाहून उकिडवा बसला, पानाला बोट लावलं. पंजा नाही आला अजून, म्हणाला. मी सांगितलं की ही पहिली पानं, खरी मागून येतात. मग पत्र पुढे केलं. तो इंग्रजी सावकाश वाचायचा, डेपोत मीच थोडं शिकवलेलं. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. ती त्याने दोनदा वाचली असावी.

"हे नोव्हेंबरातलं आहे," तो म्हणाला.

हो, मी म्हणालो. त्याने पत्राची घडी केली, खिशात ठेवली, माझ्याकडे परत दिली नाही. डबा दोन्ही हातांत उचलून उभा राहिला. म्हातारी पुन्हा म्हणाली, अरे, कोण आहेत ते सांगशील की नाही? रामदासने माझ्याकडे पाहिलं. या खेपेस मी मान खाली घातली नाही, एवढं एक केलं.

"झाडवाला आहे, आये," तो म्हणाला, आणि रोपं घेऊन आत गेला. दार त्याने लावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.